शॉर्टस्टॉपपासून सेकंड बेसपर्यंत : लेकाची कॉलेज बेसबॉलपर्यंतची चार वर्षं

गेल्या काही दिवसांत न्यू जर्सीतल्या तीन-चार मराठी घरांतून एकच विचारणा आली. मुलगा बेसबॉल बरा खेळतो, कॉलेजच्या संघात जायचं तर नेमकं काय करतात? व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढते. आधीच सांगते, आमचा लेक डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज खेळांच्या तीन स्तरांपैकी सर्वात वरच्या स्तराला, गेलेला नाही, खेळासाठी त्याला एक डॉलरची शिष्यवृत्ती नाही आणि तो पुढे व्यावसायिक होईल असं आमच्या घरात कुणी धरून चाललेलं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान डिव्हिजन थ्री कॉलेजात तो ऑगस्ट २०२५ पासून शिकतोय आणि तिथल्या संघात सेकंड बेसला खेळतोय. हे सगळं २०२१ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं.

तेव्हा तो नववीत गेला आणि शाळेच्या संघात शॉर्टस्टॉप झाला. ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: मैदानाच्या आतल्या मातीच्या भागात पिचर आणि कॅचर सोडून चार क्षेत्ररक्षक असतात. फर्स्ट, सेकंड आणि थर्ड बेसचे तिघं, आणि सेकंड-थर्डच्या मधला शॉर्टस्टॉप. या चौघांना मिळून इनफिल्डर म्हणतात. सगळ्यात जास्त चेंडू शॉर्टस्टॉपकडे येतात आणि फर्स्ट बेसपर्यंतची त्याची फेकही लांब. दोन बेसमधलं अंतर ९० फूट. धावणारा साडेचार सेकंदांच्या आत फर्स्टला पोचतो. तेवढ्यात चेंडूपर्यंत जायचं, तो उचलायचा, पाय लावायचे आणि फेकायचा. सांगलीहून सासरे, म्हणजे आबा, व्हिडिओ कॉलवर सामना बघत तेव्हा म्हणायचे, “हा आपला सोलकर.” एकनाथ सोलकरांचे २७ कसोटींत ५३ झेल, आणि बरेचसे बॅटच्या अगदी तोंडाशी उभं राहून. आबांना बेसबॉलमधलं बॅटिंग फारसं पटलं नाही, पण केवळ क्षेत्ररक्षणासाठी माणूस संघात असू शकतो हे त्यांना लगेच कळलं. आमच्या घरात इनफिल्डची गोडी लागली ती त्यांच्यामुळे.

पहिला मोठा खर्च म्हणजे ट्रॅव्हल टीम, म्हणजे शाळेबाहेरच्या क्लबचा संघ. शाळेचा हंगाम मार्च ते मे-जून, जेमतेम तीन महिन्यांचा. कॉलेजचे प्रशिक्षक खेळाडू बघतात ते उन्हाळ्यात, क्लबांच्या स्पर्धांमध्ये. २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या क्लबची वर्षाची फी साडेतीन हजार डॉलर होती. त्यात हिवाळ्यातला इनडोअर सराव आणि गणवेश आला, प्रवास आणि हॉटेल नाही. काही स्पर्धांना त्यांनीच ठरवलेल्या हॉटेलात राहावं लागतं. शेजारच्या गावात मावशी राहत असली तरी. फी भरण्याआधी लेखी विचारून घ्या: स्पर्धा कुठे-कुठे, हॉटेलची सक्ती आहे का, आणि एका संघात किती मुलं घेणार. अठरा मुलांच्या संघात चार शॉर्टस्टॉप असतील तर तुमचा मुलगा निम्मे सामने बाकावर बसणार. आम्ही हे विचारलं होतं. उत्तर “साधारण पंधरा” असं आलं आणि पुढे ते अठरा झाले. त्यावर भांडण्यात अर्थ नव्हता.

ग्लव्हबद्दल एक सांगते, कारण दुकानात गोंधळ होतो. इनफिल्डरचा ग्लव्ह लहान असतो, साडेअकरा इंचांच्या आसपास, म्हणजे चेंडू चटकन हाताला लागतो. आउटफिल्डचा बारा इंचांच्या वरचा. चांगला चामड्याचा ग्लव्ह तीनशे डॉलरच्या पुढे जातो, पण नीट तेलपाणी केलं तर शाळेची चारही वर्षं पुरतो. बॅटचं तसं नाही. शाळा आणि कॉलेजसाठी लागते ती ठरावीक प्रमाणाची धातूची बॅट चारशे-पाचशे डॉलरची, आणि ती फुटते, चेपते. आम्ही दुसरी बॅट वापरलेलीच घेतली.

दहावीच्या शेवटी, जून २०२३ मध्ये, पहिला शोकेस केला. शोकेस म्हणजे सामना नव्हे, मोजमाप. साठ यार्ड पळायचं, घड्याळ लावून. शॉर्टस्टॉपच्या जागेवरून फर्स्टला फेकायचं, रडारवर वेग मोजतात. टीवर, म्हणजे उभ्या दांडीवर, ठेवलेला चेंडू मारायचा, बॅटवरून किती वेगाने सुटतो ते बघतात. मग काही ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे चेंडू: सरळ, डावीकडे, उजवीकडे, आणि एक हळू घरंगळत येणारा. लेकाचे आकडे आले ते असे: साठ यार्ड ७.१ सेकंद, फेक ताशी ७८ मैल, बॅटवरून ८६. डिव्हिजन वनचा शॉर्टस्टॉप सातच्या खाली पळतो आणि पंच्याऐंशीच्या वर फेकतो, हे तिथेच बाजूला उभ्या असलेल्या एका बाबांनी सांगितलं. त्यांचा मुलगा ८८ ने फेकत होता. दोन दिवसांचे हजार डॉलर दिले आणि त्या बदल्यात हे कळलं. नवरा गाडीत म्हणाला, “पैसे वसूल झाले.” मला तेव्हा ते पटलं नव्हतं. आता पटतं. पहिला शोकेस शक्य तितका लवकर करावा, निवड होण्यासाठी नाही, आपण कुठे उभे आहोत ते कळण्यासाठी. एक गोष्ट मात्र त्या आकड्यांत नव्हती. ग्राउंडर संपल्यावर एका प्रशिक्षकाने त्याला हाक मारून सांगितलं की तुझे हात आणि पाय चांगले आहेत. चेंडू ग्लव्हमध्ये येण्याआधीच तुझी पावलं फेकीच्या दिशेने लागलेली असतात. घड्याळ-रडारवाल्यांच्या गर्दीत हे बघणारा माणूस असतो, आणि शेवटी आमचं काम अशाच एका माणसामुळे झालं.

पुढच्याच महिन्यात, ९ जुलै २०२३ च्या रविवारी रात्री, सिॲटलहून मेजर लीगचा ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, दाखवत होते. विसाव्या क्रमांकावर टोरोंटो ब्लू जेजने अर्जुन निम्मालाचं नाव पुकारलं. फ्लोरिडात वाढलेला, तेलुगू घरातला, सतरा वर्षांचा शॉर्टस्टॉप. पहिल्या फेरीत भारतीय आई-वडिलांच्या मुलाचं नाव तेव्हा पहिल्यांदाच आलं. आमच्या घरात आरडाओरडा झाला तो आठवतोय. दुसऱ्या दिवशी नागपूरहून आईचा फोन: “त्या पोराला तीस लाख डॉलर मिळणार म्हणे, आपल्याला काहून नाही?” आईला मग समजावून सांगावं लागलं. ड्राफ्ट वीस फेऱ्यांचा, २०१९ पर्यंत चाळीस फेऱ्यांचा होता. पहिल्या फेरीतला मुलगासुद्धा सरळ मेजर लीगमध्ये जात नाही. आधी नवख्यांची लीग, मग सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए. अर्जुन २०२४ मध्ये डनीडिनला सिंगल ए खेळला, २०२५ मध्ये व्हँकूव्हरला हाय ए. आणि ज्यांना बोनस मोठा मिळत नाही त्यांचं काय, तर २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंनी युनियनमार्फत पहिला करार केला तेव्हा डबल एचा पगार वर्षाला ३०,२५० डॉलर ठरला. त्याआधी याहून बराच कमी होता. आईने हिशेब केला आणि म्हणाली, मग इंजिनियरिंगच बरं. शाळेच्या संघांतल्या मुलांपैकी शंभरात सात-आठ जण एनसीएएच्या (कॉलेज खेळ चालवणारी संस्था) कुठल्या ना कुठल्या संघात जातात, डिव्हिजन वनला दोनेक. त्यातून पुढे किती, ते तुम्हीच काढा.

१ ऑगस्ट २०२३. ही तारीख लेकाने कॅलेंडरवर लाल केली होती. अकरावीत जाणाऱ्या मुलांशी डिव्हिजन वनचे प्रशिक्षक त्या दिवसापासून थेट बोलू शकतात. हा नियम त्याच वर्षी नवा आला होता. त्या तारखेआधी त्यांना उत्तरसुद्धा देता येत नाही, म्हणून तोवरच्या शांततेला काही अर्थ नसतो असं सगळे सांगत होते. एक ऑगस्टला रात्री बारापासून फोन उशाशी. फोन वाजला नाही. दोनलाही नाही. आठवड्याने आठ-दहा ईमेल आले, सगळे कॅम्पच्या जाहिरातींचे: “आम्ही तुझ्यावर लक्ष ठेवून आहोत, आमच्या कॅम्पला ये, फी २२५ डॉलर.” तुमच्याकडेही येतील. त्या पत्रात मुलाच्या खेळाबद्दल नेमकं एखादं वाक्य नसेल, तर ती यादीतल्या प्रत्येकाला गेलेली जाहिरात आहे असं समजा.

या सगळ्या प्रवासातला सर्वात कठीण भाग हाच. नकार कुणी देत नाही. आपल्याकडे अकरावीची यादी लागते; नाव नसलं तर नसलं, दुसऱ्या फेरीची वाट बघता येते. इथे यादीच लागत नाही. फोन येत नाही, ईमेलला उत्तर येत नाही, आणि सतरा वर्षांचा मुलगा दर तासाला बघत राहतो. आमच्याकडे त्या शरदात जेवणाच्या टेबलावर बेसबॉलचा विषय काढायचा नाही असं ठरवावं लागलं. नवऱ्याने एक नियम केला तो उपयोगी पडला: दोन ईमेलना उत्तर नाही आलं तर तो “नाही” समजायचा, एक्सेलमध्ये ती ओळ करडी करायची आणि पुढे जायचं.

ईमेल मुलानेच लिहायचे. आई-वडिलांच्या नावाने आलेली पत्रं प्रशिक्षकांना आवडत नाहीत, आणि ते तसं स्पष्ट सांगतातही. विषयाच्या ओळीतच सगळं हवं: कितव्या वर्षी पदवीधर, जागा, उंची, जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी), व्हिडिओची लिंक. आत चार ओळी. त्यातली एक त्या कॉलेजबद्दल, आणि ती खरी असावी. व्हिडिओ दोन मिनिटांचा, संगीत नको. इनफिल्डर असेल तर क्षेत्ररक्षण आधी, फलंदाजी नंतर. कॅमेरा फर्स्ट बेसच्या मागे, म्हणजे पावलं आणि फेक दोन्ही दिसतात. उडी मारून घेतलेले झेल सगळेच टाकतात. साधे, पोटात येणारे दहा ग्राउंडर एकसारखे उचललेले दाखवले तर प्रशिक्षक ते शेवटपर्यंत बघतात.

एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरवर खातं उघडायचं. दोन प्रकार आहेत: फुकट प्रोफाइल आणि पैसे भरून घ्यायचं प्रमाणनाचं खातं, शंभर डॉलरच्या आसपास. डिव्हिजन वन किंवा टूची खरीच शक्यता दिसेपर्यंत फुकटचं पुरतं, नंतर बदलता येतं. डिव्हिजन थ्रीला इथल्या शाळेत शिकलेल्या मुलांना हे प्रमाणन लागत नाही. पण शैक्षणिक अट आधीपासून माहीत असलेली बरी: सोळा ‘कोअर’ विषय, त्यातले दहा बारावी सुरू होण्याआधी पूर्ण, आणि त्या सोळांतला जीपीए डिव्हिजन वनसाठी किमान २.३. शाळेतला प्रत्येक विषय कोअर धरत नाहीत. तुमच्या शाळेची मान्य यादी त्यांच्याच संकेतस्थळावर सापडते. एसएटीची अट २०२३ मध्ये काढून टाकली. मात्र चांगली कॉलेजं प्रवेशासाठी गुण बघतातच, तेव्हा परीक्षा द्यावी.

मार्च २०२४ मध्ये अकरावीचा हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात शाळेच्या प्रशिक्षकांनी त्याला सेकंड बेसला हलवलं. दहावीतला एक मुलगा शॉर्टला आला. त्याचा हात जोरदार होता, एवढंच. घरी येऊन लेक काही बोलला नाही. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. तीन वर्षं “शॉर्टस्टॉप” लिहून ईमेल पाठवले होते.

पण या खेळातल्या माणसांना त्यात काही विशेष वाटत नाही, हे हळूहळू लक्षात आलं. व्यावसायिक संघातले बहुतेक इनफिल्डर शाळेत शॉर्टस्टॉपच होते, कारण शाळेतला सर्वात चांगला खेळाडू तिथेच उभा करतात. वर जाताना त्यांची पांगापांग होते. मार्कस सेमियन शॉर्टस्टॉप म्हणून नावारूपाला आला. २०२१ मध्ये टोरोंटोत त्या जागी बो बिशेट होता म्हणून तो सेकंडला गेला आणि त्याच हंगामात ४५ होमरन मारले, सेकंड बेसमनसाठी तो विक्रम ठरला. ॲलेक्स रॉड्रिगेझ २००४ मध्ये यांकीजकडे गेला तर शॉर्टला डेरेक जीटर. तो थर्डला सरकला. कॅल रिपकेनला १९८२ मध्ये ओरिओल्सच्या अर्ल वीव्हरनी थर्डवरून शॉर्टला आणलं, आणि सलग २,६३२ सामने खेळलेला तो माणूस उतारवयात परत थर्डला गेला. उलटा प्रवासही आहे. डेव्हिड एकस्टाइन जेमतेम साडेपाच फुटांचा. फ्लोरिडा विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय, निवड चाचणीतून संघात शिरला. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये एकोणिसाव्या फेरीत बोस्टनने घेतलं आणि पुढे सोडूनही दिलं. एंजल्सनी त्याला सेकंडवरून शॉर्टला हलवलं, आणि २००६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुइसकडून तो मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. होजे अल्तुवेला तर व्हेनेझुएलातल्या चाचणीतून उंचीपायी घरी पाठवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी परत आला, पंधरा हजार डॉलरवर सही झाली. २०१७ मध्ये तो अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, होता. सेकंड बेसलाच.

ही नावं मी लेकाला ऐकवली नाहीत. त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. मी ती स्वतःसाठी शोधली. त्याचं समाधान वेगळ्या वाटेने झालं. क्लबच्या प्रशिक्षकांनी त्याला समजावलं की २०२३ पासून मेजर लीगमध्ये नियम बदललाय: सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर हवेत आणि चौघांचेही पाय मातीच्या आत. पूर्वी आकडेमोड करून तिघांना एका बाजूला उभं करत, आता सेकंड बेसमनला स्वतःची बाजू स्वतःच्या पायांनी राखावी लागते. तुझा हात कमी पडतो, पाय नाही. शिवाय डबल प्लेत, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना बाद करताना, पाठ धावणाऱ्याकडे आणि चेंडू शॉर्टकडून, अशा अडचणीत वळून फेकण्याची जी क्रिया आहे, ती त्याला जमायची. एप्रिलभर गॅरेजसमोर तो आणि त्याचा बाबा तेच करत होते. ईमेलमध्ये आता “सेकंड बेस, शॉर्टस्टॉप” असं लिहिलं जाऊ लागलं. उत्तरं वाढली. मात्र सगळी डिव्हिजन थ्रीची.

डिव्हिजन थ्रीबद्दल आपल्या लोकांत दोन गैरसमज आहेत. एक, तिथे खेळ साधा असतो. जून २०२४ मध्ये आम्ही एक स्पर्धा बघायला गेलो, त्या पोरांचे हात बघून लेकच गप्प झाला. बिली वॅग्नर हा फेरम कॉलेज नावाच्या डिव्हिजन थ्री कॉलेजातला पिचर २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. दुसरा गैरसमज, तिथे पैसे मिळत नाहीत. खेळासाठी मिळत नाहीत हे खरं. नियमच तसा आहे. पण अभ्यासासाठी आणि गरजेनुसार मिळतात, आणि ती रक्कम बहुतेक वेळा डिव्हिजन वनच्या तुकड्यातुकड्यांनी वाटलेल्या शिष्यवृत्तीपेक्षा मोठी निघते. तेव्हा डिव्हिजन वनच्या बेसबॉल संघाला एकूण ११.७ शिष्यवृत्त्या होत्या आणि त्या संघातल्या बऱ्याच मुलांमध्ये वाटायच्या. म्हणजे “स्कॉलरशिप मिळाली” याचा अर्थ पाव फी माफ असाही असायचा.

शिवाय आमच्या मुलांची वर्षं गर्दीची होती. करोनामुळे २०२० चा हंगाम बुडाला, त्या खेळाडूंना एक वर्ष जादा मिळालं, ती मुलं जागा अडवून होती. ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, मोठ्या संघांना शाळेतल्या सतरा वर्षांच्या मुलापेक्षा दुसऱ्या कॉलेजातला वीस वर्षांचा तयार इनफिल्डर सोयीचा वाटतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूने कॉलेजला द्यायचं बांधील हमीपत्र, हा प्रकारच बंद झाला, आणि ६ जून २०२५ ला न्यायालयाने एनसीएए आणि खेळाडूंमधल्या ज्या समझोत्याला मंजुरी दिली त्यात सामील होणाऱ्या डिव्हिजन वन संघांना ३४ खेळाडूंची मर्यादा आली. त्या ३४ जणांना आता पूर्ण शिष्यवृत्तीही देता येते, पण बाहेर पडलेली मुलं खाली सरकतात आणि खालच्या जागा भरतात. आता अकरावीत असलेल्या मुलांच्या पालकांनी हे हिशेबात धरावं.

जुलै २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या त्या कॉलेजच्या प्रशिक्षकांचा फोन आला. वर्षभरापूर्वीच्या शोकेसला त्यांनीच पावलांबद्दल सांगितलं होतं. वहीत नोंद करून ठेवली होती म्हणे. त्यांनी गुणपत्रक मागितलं आणि ते प्रवेश विभागाकडे ‘प्री-रीड’ला दिलं. हा शब्द आम्हाला नवा होता: अर्ज करण्याआधीच प्रवेश विभाग कागद बघून हिरवा, पिवळा किंवा लाल असं सांगतो. लेखी काही मिळत नाही आणि ती हमीही नव्हे. सोबत ‘फायनान्शियल प्री-रीड’ मागा, म्हणजे खर्चाचा अंदाज अर्जाआधीच येतो. आम्ही मागितला, दहा दिवसांत मिळाला. दोन दिवस तिथे जाऊन राहिलो. लेक खेळाडूंबरोबर वसतिगृहात झोपला, मी एका अर्थशास्त्राच्या तासाला मागे बसले. त्याला तिथेच विचारलं, उद्या गुडघा गेला आणि खेळ बंद झाला तरी इथे राहशील का? तो हो म्हणाला, पण खरं सांगायचं तर विचार न करता म्हणाला. मग परत आठवडाभर वेळ दिला.

अर्ली डिसिजनचा अर्ज नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. हा बांधील असतो: मुलगा, पालक आणि शाळेचा काउन्सेलर तिघांच्या सह्या, आणि प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. पैशांचा प्री-रीड हातात असल्याशिवाय ही सही करू नका. त्या वर्षी गंमत अशी की सरकारी आर्थिक मदतीचा फाफ्सा अर्ज एरवीसारखा १ ऑक्टोबरला उघडलाच नाही. सर्वांसाठी तो २१ नोव्हेंबर २०२४ ला खुला झाला, आमची मुदत उलटून गेल्यावर. कॉलेजने सीएसएस प्रोफाइलवर, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठी भरायच्या फॉर्मवर, भागवलं. त्याची फी पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. हा फॉर्म नागपूरचा फ्लॅटही विचारतो. भारतातली जागा, तिची आजची किंमत डॉलरमध्ये, भाडं येत असेल तर तेही. फाफ्सातही राहतं घर सोडून बाकीची मालमत्ता दाखवावी लागते. “परदेशातलं कोण बघतंय” असा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. आणि फाफ्सासाठी मुलाचं आणि पालकांचं अशी वेगवेगळी खाती लागतात. ती आधीच उघडून ठेवा, आमच्या वेळी ओळख पटायला दिवस जायचे.

१४ डिसेंबरच्या संध्याकाळी उत्तर आलं. घेतलं. मदतीचा आकडा प्री-रीडपेक्षा किंचित बरा होता. पाचशे डॉलर भरून जागा पक्की केली. बारावीच्या वसंतात शाळेने ‘सायनिंग डे’ केला, टोपी, केक, फोटो. डिव्हिजन थ्रीच्या त्या सहीच्या कागदाला कायदेशीर अर्थ काहीही नसतो, तो निव्वळ समारंभाचा असतो. आबांनी सांगलीत तो फोटो फ्रेम करून लावला आहे.

चार वर्षांचा एक्सेल बंद केला तेव्हा बेरीज एकोणीस हजार डॉलरच्या वर गेली होती. ट्रॅव्हल, शोकेस, कॅम्प, हॉटेल, पेट्रोल, बॅटा. त्यातले निदान सहा हजार वाचले असते, असं आता वाटतं: ज्या कॉलेजात आपल्याला जायचंच नव्हतं त्यांचे कॅम्प, आणि अकरावीनंतरचे मोठे शोकेस. आकडे एकदा कळले की पुन्हा पुन्हा मोजून ते वाढत नाहीत.

प्रवेश झाला की कागद संपले असं वाटतं. नाही. २०२५ च्या जूनमध्ये वैद्यकीय अर्जांचा गठ्ठा आला: तपासणी सहा महिन्यांच्या आतली, विम्याचं कार्ड दोन्ही बाजूंनी, डोक्याला पूर्वी मार लागला असेल तर तपशील, आणि सिकलसेलची चाचणी. हा शब्द मी विदर्भात लहानपणापासून ऐकत आले, आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर वाचत आले; बेसबॉलच्या फॉर्मवर तो भेटेल असं वाटलं नव्हतं. ‘सिकलसेल ट्रेट’ असलेल्या खेळाडूला अतिश्रमात धोका होऊ शकतो, म्हणून एनसीएए प्रत्येकाची नोंद मागतं. नवी चाचणी लागेलच असं नाही. न्यू जर्सीत जन्मलेल्या बाळांची ही तपासणी जन्मतःच होते, तो जुना अहवाल चालतो. आमच्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातून तो मिळवायला तीन आठवडे लागले, कारण दवाखान्याने मधल्या काळात संगणकप्रणाली बदलली होती. हे काम मेमध्येच सुरू करा. अहवालाविना पहिल्या सरावाला उभं राहू देत नाहीत. लेकाच्या खोलीतला मुलगा चार दिवस कुंपणाबाहेर बसला होता.

शरदातला सराव आता संपलाय. संघात नऊ इनफिल्डर आहेत आणि सेकंडला त्याच्या पुढे तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा आहे, तेव्हा या हंगामात किती खेळेल ते फेब्रुवारीत कळेल. गेल्या महिन्यात प्रशिक्षकांनी त्याला थर्ड बेसचाही सराव दिला. फोनवर त्याने हे अगदी सहज सांगितलं, जेवायला काय होतं ते सांगता सांगता.

मार्चमध्ये संघ फ्लोरिडाला जातो, त्याचे नऊशे डॉलर. अर्धे निधी गोळा करून उभे करायचे असतात, त्याची लिंक तुमच्याकडेही येईलच. फाफ्सा आणि सीएसएस दरवर्षी नव्याने भरावे लागतात. यंदाचा फाफ्सा सप्टेंबरच्या शेवटीच उघडला, आमचा भरून झालाय. सीएसएस या शनिवारी. नागपूरच्या फ्लॅटची आजची किंमत भावाला विचारली आहे, त्याचं उत्तर यायचंय.